चार मिनिटं वीस सेकंद

अमर भानारकर खुर्चीत बसलेला दिसला, तर दवाखान्यातल्या बायका विचारायच्या, "काय गा अमर, तब्बेत बरी नाई का?" एवढा तो माणूस हलता. जेवायचा तो उभ्यानं, फोनवर बोलायचा तो येरझारा घालत. समोरचा माणूस तेच वाक्य दुसऱ्यांदा बोलला की ह्याच्या कपाळावर आठी आलीच. "एकदा सांगतलं ना," हे त्याचं दिवसातून वीस वेळा ठरलेलं. ह्या एका वाक्यापायी त्यानं आधीच्या चार नोकऱ्या घालवल्या होत्या, तरी अक्कल म्हणून आली नव्हती.

दवाखाना धानोऱ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून. एका ट्रस्टचा, साठ खाटांचा. त्याच आवारात नर्सिंगची शाळा. गोष्ट दोन हजार आठच्या फेब्रुवारीतली. तिथले कॉम्प्युटर, तारा, स्विच, सगळं अमरच्या हवाली. पदवी कसली, ब्रह्मपुरीच्या पॉलिटेक्निकातला डिप्लोमा. पण त्या आवारातली एकेक तार त्यानं स्वतः शिडीवर चढून ओढली होती. उन्हाळ्यात, तापलेल्या पत्र्याखाली, पालींशी भांडत. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी आपण धड उभं केलं, असं त्याला ह्या कामाबद्दल वाटायचं. हे तो कुणाला सांगायचा मात्र नाही.

आणि रोज संध्याकाळी सातला त्याच्या खोलीतला फोन वाजायचा. ऑपरेटर बाईला तो आवाजच पाठ झाला होता. अमरचे वडील, शालिकराम, नागभीडकडच्या त्यांच्या गावातून, किराणा दुकानातल्या रुपयाच्या फोनपेटीवरून बोलायचे.

"अमर, उद्या येशीन का?"

"बाबा, काल सांगतलं ना. काम आहे. होळीले येतो."

"कालचं कालच्यापुरतं, बाबू. मी आजचं विचारून राह्यलो."

अमर फोन आपटायचा. अकरा महिने हेच. एक पाय दुखतो त्या म्हाताऱ्याचा, तरी रोज दुकानापर्यंत चालत जायचं आणि तेच विचारायचं! काय म्हणावं ह्याला?

आता खरी गोष्ट. दवाखान्याचं नेटवर्क वेगळं होतं आणि शाळेचं वेगळं. तारा त्याच, पेट्या त्याच, पण आतून दोन गावं. पेशंटचे कागद पोरींच्या कॉम्प्युटरवर दिसू नयेत म्हणून ही वाटणी. व्हर्च्युअल नेटवर्क म्हणतात त्याला. मधे एक मोठा स्विच. इकडचं तिकडे जायचं तर त्याच्याच हातून. आणि बाईंनी, म्हणजे मेट्रन नीलाबाईंनी, ह्या दोन गावांमधून एक चित्र न्यायचं ठरवलं होतं. ऑपरेशन थिएटरात पोरी उभ्या राहणार चार, फार तर पाच. शाळेत होत्या चाळीस. मग थिएटरात कॅमेरा लावायचा, आणि बाकीच्यांनी हॉलमधल्या वीस कॉम्प्युटरवर ऑपरेशन जसंच्या तसं बघायचं.

त्यासाठी जी पद्धत होती तिला मल्टिकास्ट म्हणतात. कॅमेरा एकदाच बोलतो. ज्या कॉम्प्युटरला बघायचंय, त्यानं हात वर करायचा. मोठा स्विच बघतो, शाळेकडे कुणाचा हात वर आहे का. असेल तर चित्राची एक प्रत तिकडे सोडतो. वीस जण बघोत की दोन, तारेवर ओझं तेवढंच. अमरला ही पद्धत फार आवडली होती. एकदा सांगा आणि मोकळे व्हा!

पण चित्र चालायचं चार मिनिटं वीस सेकंद, आणि बंद. हॉलमधले सगळे पडदे एका झटक्यात काळे. पुन्हा सुरू केलं की पुन्हा चार मिनिटं वीस सेकंद. थिएटरशेजारच्या ड्युटी रूममध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्याच गावात, तेच चित्र दिवसभर मजेत चालायचं. शाळेच्या गावात गेलं की मरायचं. नेमक्या वेळेला. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही.

सोमवारी नागपूरहून कंपनीचे इंजिनिअर दुरुगकर साहेब आले. मोठा स्विच त्यांच्या कंपनीनं बसवलेला. त्यांनी दोन तास लॅपटॉप बघितला, दोनदा चहा घेतला आणि कागदावर लिहून दिलं, की स्विच उत्तम आहे, शाळेकडे गेलेली केबल सदोष आहे, ती नव्यानं टाकावी. अमरची केबल! त्याच्या डोक्यातून धूरच निघायचा बाकी राहिला.

"केबल खराब असती त घडी लावून बंद पडली असती का साहेब?" तो म्हणाला. "तुटली तार काय घड्याळ बघते?"

साहेब हसले आणि गाडीत बसले. नीलाबाईंनी कागद दोनदा वाचला. बाई वडसाच्या, तीस वर्षं नोकरीत मुरलेल्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. म्हणूनच त्यांची भीती वाटायची.

"हे पाय अमर. शुक्रवारी नागपूरचे डॉक्टर गलगंडाचं ऑपरेशन करतेत. तासाच्या वर चालते. माह्या पोरींले ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसलं पायजे. दिसलं, तर तुह्या वर्षाच्या काँट्रॅक्टवर मी सही करतो. नाई दिसलं, त ह्या साहेबाची मानसं येऊन केबल टाकतीन. मंग तुले ठेवून मी काय करू?"

"दिसंल बाई."

"दिसंल मनून नाई चालत. चार मिनिटं त आताबी दिसते."

मंगळवारी अमरनं केबलची दोन्ही टोकं कापून नवी बसवली. तपासली. चार मिनिटं वीस सेकंद. मग कॅमेऱ्याचं यंत्र बदललं. चार मिनिटं वीस सेकंद. हॉलमधले कॉम्प्युटर एकेक करून काढले, शेवटी एकच ठेवला. तोही त्याच सेकंदाला काळा. जेवण राहिलं, दाढी राहिली. दवाखान्याच्या बोळातून तो असा भरभर जायचा, की एका म्हातारीनं नर्सला विचारलं, "त्याच्या घरचं कोनी भरती हाये का वो?" बुधवारी तो छताच्या पत्र्याखाली शिरला आणि नव्वद मीटर केबल हातानं चाचपत गेला. कुठे उंदरानं कुरतडली असेल, कुठे खिळा लागला असेल. काही नाही. केबल नव्या नवरीसारखी. कोळिष्टकं डोक्यात घेऊन तो खाली उतरतो न उतरतो तोच खोलीतला फोन वाजला. सात वाजले होते.

"अमर, उद्या येशीन का? तलावाचं पानी उतरलं. आइतवारी मासोळीचं मोठं जारं टाकाचं आहे..."

"बाबा!" अमर ओरडला. "किती वेळा तेच तेच? डोक्यात किडे पडाची वेळ आली माह्या! याचं असंल त मीच सांगीन. तुमी आता इचारूच नका!"

शालिकराम म्हणाला, "बरं बाबू. नाई विचारत."

शालिकरामला विचारण्याची सवय काही आज लागली नव्हती. गावातल्या ढिवरांची मच्छीमार सोसायटी होती, पस्तीस घरांची. मोठं जाळं टाकायचं असलं की आदल्या संध्याकाळी शालिकराम काठी घेऊन दारोदार फिरायचा. दारावर काठी ठोकायची आणि विचारायचं, "उद्या येता का?" आतून ज्याचा त्यानं आवाज द्यायचा. बायकोनं नवऱ्यासाठी दिलेला चालायचा नाही. जेवढे आवाज तेवढी माणसं, तेवढंच जाळं, आणि दुसऱ्या दिवशी काठावर मासळीचे तेवढेच वाटे. काल हो म्हटलेलं आज धरायचं नाही. कुणाला ताप येतो, कुणी लग्नाला जातो, कुणी पिऊन पडतो. लहानपणी अमरनं विचारलंही होतं, बाबा, लोक तेच, तलाव तोच, रोज काऊन विचारता? शालिकराम म्हणाला होता, "नाई विचारलं त मले समजंल कसं, तो अजून हाये का नाई?" अमरला तेव्हाही ते फुकटचं चालणं वाटलं होतं.

गुरुवार उजाडला. शेवटचा दिवस. दुपारी नीलाबाई हॉलच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, काळा पडदा बघितला आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून गेल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ऑपरेशनची बाई, सोमारी, धानोऱ्यापलीकडच्या गावातून येऊन सकाळीच भरती झाली होती. चाळीस पोरी आपल्याला बघणार असं कळल्यावर तिनं नर्सकडून फणी मागून घेतली होती. हे ऐकून सगळे हसले; अमर तडक हॉलकडे निघाला.

संध्याकाळी सातला दोन मिनिटं कमी असताना त्यानं हॉलमधलं चित्र पुन्हा सुरू केलं. रिकाम्या थिएटरातलं टेबल, वर दिवा. तो हॉलमध्ये इकडून तिकडे चालत राहिला. सात वाजले. सातला एक मिनिट. काहीतरी चुकतंय, काहीतरी राहतंय, असं त्याला वाटायला लागलं, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपण फोनची वाट बघतोय. बोळापलीकडे त्याची खोली होती, दार उघडं होतं. फोन गप्प.

सात वाजून दोन मिनिटांनी, ठरल्या सेकंदाला, पडदे काळे झाले. फोन वाजलाच नव्हता.

'म्हाताऱ्यानं आज विचारलं नाई,' तो मनात म्हणाला. 'म्हणजे आपण मोजणीत नाई. आपण हाव का नाई, हे त्याले समजंल कसं...'

आणि चालता चालता अमर भानारकर थांबला. कदाचित त्या वर्षात पहिल्यांदाच.

कॉम्प्युटरनं हात वर केला होता. एकदा. पण एकदा केलेला हात मोठा स्विच किती वेळ धरणार? त्याला पुन्हा पुन्हा विचारावं लागणार, अजून कोण बघतंय? आणि कॉम्प्युटरनं आवाज द्यावा लागणार. दर दोन मिनिटं पाच सेकंदांनी एक फेरी. दोन फेऱ्यांत आवाज आला नाही, वर दहा सेकंद वाट बघितली, की मोजणीतून नाव कमी. दोन फेऱ्यांची चार मिनिटं दहा सेकंद. आणि वरचे दहा.

"अगा मायवो!" तो मोठ्यानं म्हणाला, आणि पळत सुटला.

लॅपटॉप मोठ्या स्विचला लावला. प्रश्न निघत होता. दर दोन मिनिटं पाच सेकंदांनी, इमानेइतबारे. लॅपटॉप हॉलमध्ये आणून लावला. दहा मिनिटं थांबला. एकही प्रश्न आला नाही. हाक निघते आणि दारापर्यंत पोचत नाही. मग मधे कोण उभं आहे? मधे होता हॉलचा छोटा स्विच, अमरनं स्वतः बसवलेला. त्यानं त्याच्या आतल्या आज्ञा उघडल्या आणि एकेक ओळ वाचत खाली आला. तिथे एक फिल्टर लावलेला होता. सगळ्यांना उद्देशून येणारा तो प्रश्न दारातच अडवणारा. फिल्टरला नावही दिलेलं होतं. इंग्रजी अक्षरांत: बकबक.

दिवाळीच्या आधी शाळेचे कॉम्प्युटर फार हळू चालत होते. तेव्हा तारेवरून काय काय जातं ते त्यानं बघितलं होतं, आणि दर दोन मिनिटांनी येणारा तोच तो प्रश्न दिसला होता. काय सारखं विचारायचं? कामाचं ना धामाचं! त्यानं ते बंद केलं, रागारागात त्याला नाव दिलं, आणि विसरला. कॉम्प्युटर हळू चालत होते ते पोरींनी पेन ड्राइव्हमधून आणलेल्या व्हायरसमुळे, हे नंतर कळलं होतं. पण फिल्टर तसाच राहिला होता. कुठे लिहून ठेवलं नव्हतं. दुरुगकर साहेबांच्या स्विचची चूक नव्हती, केबलची नव्हती. चूक ह्या शहाण्याची होती.

त्यानं फिल्टर काढला. चित्र लावलं. चार मिनिटं. चार मिनिटं वीस. एकवीस. पंचवीस. पाच. टेबल दिसत राहिलं, दिवा दिसत राहिला. तासभर दिसत राहिला. आनंदानं नाचायला हवं होतं, आणि हा बाबा भिंतीला टेकून लाजेनं घामेजला होता.

कुणाला कळणार नव्हतं. केबलची टोकं बदलली, चालू झालं, असं सांगितलं असतं तर बाईंनी वर्षाच्या कागदावर सही केली असती. शुक्रवारी सकाळी तो हेच ठरवून त्यांच्या खोलीत गेला. बाईंनी विचारलं, "झालं?" तो म्हणाला, "झालं." बाई म्हणाल्या, "जाय मंग." तो गेला नाही. टेबलासमोर ह्या पायावरून त्या पायावर होत राहिला.

"काय हाये आता?"

"बाई, केबल चांगली होती. स्विचबी चांगला होता. मीच बंद केलं होतं. दिवाळीच्या आधी." आणि त्यानं सगळं सांगून टाकलं, नावासकट.

नीलाबाईंनी चष्मा काढला. "तू सांगतलं नसतं त मले समजलं असतं का?"

"नाई."

"मंग काऊन सांगतलं?"

"पोटात राह्यत नाई बाई."

बाईंनी चष्मा परत लावला. "आधी ऑपरेशन होऊ दे. मंग बोलतो तुह्याशी."

सव्वादहाला ऑपरेशन सुरू झालं. हॉलमध्ये चाळीस पोरी, एका पडद्यासमोर दोन दोन. अमर मागे उभा राहिला. त्यानं सोमारीचा गळा बघितला नाही, डॉक्टरचे हात बघितले नाहीत; तो भिंतीवरचं घड्याळ बघत होता. चार मिनिटं वीस सेकंद झाली. पडदे चालू राहिले. डॉक्टर एकेक शीर दाखवत समजावत होते, पोरी लिहून घेत होत्या. एक तास बारा मिनिटांनी शेवटचा टाका पडला. एका पोरीनं हुश्श केलं आणि सगळा हॉल हसला. सोमारी बरी होती.

दुपारी बाईंनी त्याला बोलावलं. समोर काँट्रॅक्टचा कागद होता, त्यावर वर्ष खोडून सहा महिने लिहिलेलं.

"काम केलं मनून सहा महिने. चूक केली मनून सहा गेले. आन ही वही. जे बंद करशीन, ते इथी लिवाचं. तारीख टाकून. काऊन बंद केलं, तेबी."

अमरनं मान डोलावली. वाद घातला नाही. त्याच्या बाबतीत हे नवलच.

"आन दोन दिवस घरी जाय," बाई म्हणाल्या. "काल तुह्या बापाचा फोन नाई आला मनून ऑपरेटर मले इचारून गेली, म्हातारा बरा हाये ना?"

शनिवारी तो निघाला. गडचिरोली, आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, मग गावची गाडी. उभ्यानंच. दिवस कलता कलता घरी पोचला. आई, कुंता, चुलीपुढे होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सुकला किती गा पोरा!" ती म्हणाली आणि पाणी दिलं.

"बाबा कुठी?"

"फेरीले गेला. उद्या जारं हाये ना."

"मायवो, त्याइले सांग, मी उद्या येतो मनून."

"मले काऊन सांगतं?" कुंता म्हणाली. "ज्याचा त्यानं आवाज द्यावा."

एवढ्यात काठीचा आवाज आला. खालच्या अंगानं एकेक दार. ठक ठक. "उद्या येता का, पोचूभाऊ?" आतून आवाज. "सत्तावीस." ठक ठक. "उद्या येता का, झिंगू?" आवाज. "अठ्ठावीस." पाय ओढत ओढत काठी जवळ आली. अमर दाराआड ताठ बसून राहिला. खाटेवर, चक्क बसून. श्वास धरून. काठी दारासमोर आली.

आणि पुढे गेली.

अमर उठला, बाहेर आला. अंधारून आलं होतं. वडिलांची पाठ पुढच्या दाराकडे चालली होती, तो दुखरा पाय अजूनच वाकडा पडत होता.

"बाबा! माहं दार राह्यलं."

शालिकराम वळला. पोराला बघून त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते आलं, पण त्यानं ते आवरलं. "तूनच सांगतलं ना बाबू, इचारू नका मनून."

"चुकलं माहं. इचारा. रोज इचारा."

शालिकरामनं काठीनं दाराकडे खूण केली. "मंग अंदर जाय. बाहिरून नाई चालत."

तीस वर्षांचा घोडा निमूटपणे आत गेला. कुंतानं तोंडावर पदर धरला. शालिकराम तीन पावलं मागे आला, बंद दारासमोर उभा राहिला, आणि सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं काठी ठोकून त्यानं विचारलं, "अमर भानारकर, उद्या येता का?"

"येतो!"

"एकोणतीस," शालिकराम म्हणाला, आणि पुढच्या दाराला लागला.